कतारमधील मराठी व्यावसायिकांचे कायदेवाचन: कोणता ग्रंथ, कोणते संकेतस्थळ?

अल अझीझियात राहणाऱ्या आणि एका खासगी कंपनीत तीन वर्षे नोकरी झालेल्या अभियंत्याला राजीनामा द्यायचा आहे, असे समजू. नोटीस किती दिवसांची द्यावी, एवढाच त्याचा प्रश्न. शोध घेतला की कतारच्या श्रम कायद्याचा, म्हणजे २००४ च्या कायदा क्रमांक १४ चा, इंग्रजी मजकूर लगेच हाती येतो. सेवा पाच वर्षांपर्यंतची असेल तर मासिक वेतनाच्या नोकराला एक महिन्याची नोटीस पुरेशी आहे, असे त्यातील कलम ४९ सांगते. मजकूर बनावट नाही, कायद्याचा क्रमांकही बरोबर आहे. तरीही उत्तर चुकीचे आहे. २०२० च्या कायदा क्रमांक १८ ने हे कलम बदलले. आता एका महिन्याची सवलत पहिल्या दोन वर्षांपुरतीच असून त्यापुढे दोन महिन्यांची नोटीस लागते. जुन्या मजकुरावर विसंबून महिन्याभरात निघालेल्या माणसाला उरलेल्या मुदतीच्या वेतनाइतकी भरपाई देण्याची वेळ येऊ शकते.

कायद्याच्या वाचनात ‘सर्वांत चांगले पुस्तक कोणते’ हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. हाती असलेला मजकूर कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, कोणत्या भाषेतील पाठ बंधनकारक आहे आणि तो कायदा आपल्याला लागू आहे का, हे आधी पाहावे लागते. परदेशात राहणाऱ्या मराठी व्यावसायिकाच्या बाबतीत ही तपासणी दुहेरी असते. त्याची नोकरी व घरभाडे कतारच्या कायद्याखाली येते; गावाकडची जमीन, पुण्यातील सदनिका आणि आईवडिलांचा वारसा भारतीय कायद्याखाली.

अल मीझान आणि अरबी पाठ

कतारच्या कायद्यांसाठी पहिले ठिकाण एकच, ते म्हणजे न्याय मंत्रालयाचे ‘अल मीझान’ हे संकेतस्थळ. मीझान म्हणजे तराजू. अधिनियम, मंत्र्यांचे निर्णय, आंतरराष्ट्रीय करार, राजपत्राचे अंक आणि कॅसेशन न्यायालयाचे निर्णय येथे विनामूल्य वाचता येतात. संकेतस्थळाला इंग्रजी बाजू आहे आणि अनेक महत्त्वाच्या कायद्यांची भाषांतरे तेथे आहेत. पण ती केवळ माहितीसाठी आहेत. अधिकृत पाठ अरबीच. दुरुस्ती झाली की ती इंग्रजी भाषांतरातही उतरली असेल, असे गृहीत धरू नये. मूळ कायदा उघडल्यावर त्याच्या नावाशी जोडलेल्या नंतरच्या कायद्यांची यादी पाहणे आणि आपल्या कलमाचा क्रमांक त्यांपैकी कशात आला आहे का, हे तपासणे, एवढी शिस्त पाळली तर वरच्या उदाहरणातील चूक टळते. अरबी न येणाऱ्यालाही अरबी पानावरील कलम क्रमांक आणि वर्ष ओळखता येते. तेवढ्यावरून बदल झाला आहे की नाही हे कळते. बदल काय झाला, ते मग जाणकाराला विचारता येते.

भाषेचा हा प्रश्न औपचारिक नाही. श्रम कायद्याच्या कलम ९ नुसार नोकरीचा करार व संबंधित कागदपत्रे अरबीत असावी लागतात. मालक सोबत अन्य भाषेतील भाषांतर देऊ शकतो, परंतु दोहोंत फरक पडल्यास अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. सही करताना इंग्रजी रकाना वाचणारे आणि अरबी रकान्याकडे शोभेची नक्षी म्हणून पाहणारे पुष्कळ असतात. करारातील मूळ वेतन, भत्ते, परिवीक्षा काळ आणि स्पर्धाबंदीची अट एवढी चार कलमे तरी अरबी जाणणाऱ्याकडून ताडून घेण्याचा खर्च नंतरच्या वादाच्या तुलनेत किरकोळ असतो.

स्पर्धाबंदीच्या अटीवर जरा थांबायला हवे, कारण भारतात वाचलेले पुस्तक येथे घात करते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारा करार निरर्थक ठरवते. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, ही अट भारतात सहसा टिकत नाही. मुंबईत शिकलेला वकील दोहातील मित्राला फोनवरून तोच धीर देईल. कतारच्या श्रम कायद्याचे कलम ४३ मात्र अशी अट काही मर्यादांत मान्य करते. तिची कमाल मुदत पूर्वी दोन वर्षे होती. २०२० च्या त्याच दुरुस्तीने ती एक वर्षावर आली. म्हणजे भारतीय पुस्तक एक उत्तर देते, कतारचे जुने पुस्तक दुसरे आणि आजचा कायदा तिसरे.

सेवासमाप्तीच्या रकमेचेही असेच आहे. ग्रॅच्युइटी म्हटले की पाच वर्षे पूर्ण झाली पाहिजेत, हे भारतीय नोकरदाराच्या मनात पिढ्यानपिढ्या बसलेले आहे. कतारच्या कलम ५४ प्रमाणे एक वर्षाची सेवा पुरेशी असून प्रत्येक वर्षामागे किमान तीन आठवड्यांचे मूळ वेतन देय होते. वर्षाच्या अपुऱ्या भागाचाही प्रमाणात हिशेब होतो. चार वर्षांनी नोकरी सोडणारा माणूस ‘आपले पाच वर्षे कुठे झालीत’ म्हणून गप्प बसला, तर त्याचे नुकसान त्याच्याच समजुतीने होते. त्यातच कलम १० ची अट आहे: कराराचा शेवट झाल्यापासून एक वर्षाच्या आत दावा केला नाही तर तो मुदतबाह्य होतो. मायदेशी परतून, घर लावून, मुलांच्या शाळा मार्गी लावून मग पाहू म्हणणाऱ्याचे वर्ष निघून जाते.

तो कायदा आपल्याला लागू आहे का?

श्रम कायदा वाचणारे बहुतेक जण कलम ३ वगळून पुढे जातात, आणि नेमके तेच आधी वाचायला हवे. शासकीय खाती व सार्वजनिक संस्था, कतार पेट्रोलियम आणि तिने एकटीने वा भागीदारीत स्थापन केलेल्या कंपन्या यांचे कर्मचारी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. कतार पेट्रोलियमचे नाव २०२१ मध्ये ‘कतार एनर्जी’ झाले. तेल व वायू क्षेत्रातील मराठी अभियंत्यांची संख्या लक्षात घेतली तर हा अपवाद बारीक नाही. अशा कर्मचाऱ्याचे हक्क त्याच्या करारात आणि कंपनीच्या सेवानियमांत असतात. त्याने श्रम कायद्याचे भाष्य विकत घेण्याऐवजी मनुष्यबळ विभागाकडून चालू सेवानियमांची प्रत मिळवावी. घरकामगारांसाठीही २०१७ चा कायदा क्रमांक १५ वेगळा आहे. घरी मदतनीस ठेवणाऱ्या कुटुंबाने तो मालक या नात्याने वाचलेला बरा.

दुसरा मोठा गट कतार फायनान्शियल सेंटरच्या परवान्यावर चालणाऱ्या संस्थांचा: सल्लागार कंपन्या, लेखापरीक्षक, वित्तसंस्था, विधी कार्यालये. २००५ च्या कायदा क्रमांक ७ ने उभ्या राहिलेल्या या केंद्राचे रोजगार विनियम स्वतंत्र आहेत आणि न्यायालयही स्वतंत्र आहे. तेथील व्यवहार इंग्रजीत चालतो, निर्णय कारणांसह संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात आणि त्यांची मांडणी भारतीय वकिलाला ओळखीची वाटते. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या मराठी वाचकासाठी कतारमधील सर्वांत सुगम विधिवाचन बहुधा हेच. फक्त हे निर्णय देशातील सर्वसाधारण न्यायालयांचे नव्हेत, हे विसरू नये. ओळखपत्रावर पत्ता दोहाचा असला तरी मालकाचा परवाना कोणाचा आहे, यावर सारे अवलंबून असते.

ग्रंथ, ग्रंथालय आणि मेट्रो

इंग्रजी परंपरेत वाढलेल्या वकिलाला कतारमध्ये सर्वांत खटकते ते पूर्वनिर्णयांचे स्थान. भारतात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बंधनकारक असतो. येथे संहिता प्रमुख, आणि कॅसेशन न्यायालयाच्या निर्णयांचे वजन मोठे असले तरी युक्तिवाद संहितेच्या कलमापासून सुरू होतो. २००४ चा कायदा क्रमांक २२ म्हणजे कतारची नागरी संहिता. तिचे मूळ इजिप्तच्या १९४८ च्या संहितेच्या परंपरेत आहे. ती संहिता घडवणाऱ्या अब्द अल रझ्झाक अल सन्हुरी यांचा ‘अल वसीत’ हा अनेक खंडांचा भाष्यग्रंथ आजही अरब वकिलांच्या कपाटात असतो. अरबी वाचणाऱ्यासाठी त्याला पर्याय नाही. अरबी न वाचणाऱ्याने इंग्रजीत उपलब्ध असलेल्या मोजक्या पुस्तकांकडून तेवढ्या खोलीची अपेक्षा धरू नये. त्यांचा उपयोग संहितेची रचना समजण्यापुरता, आणि तेवढा तो चांगला होतो.

मोठ्या विधी कार्यालयांची ‘कतारमध्ये व्यवसाय’ अशा धर्तीची मार्गदर्शक पत्रके विनामूल्य मिळतात. ती सुबोध असतात, पण त्यांचा हेतू ग्राहक मिळवणे हा असतो आणि अवघड प्रश्नाच्या उंबरठ्यावर ती नेमकी थांबतात. अशा पत्रकाचे वय ओळखायची एक सोपी खूण आहे. त्यात ‘प्रशासकीय विकास, श्रम व सामाजिक व्यवहार मंत्रालया’चा उल्लेख असेल तर ते ऑक्टोबर २०२१ पूर्वीचे; त्यानंतर स्वतंत्र श्रम मंत्रालय आले. नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र लागते असे लिहिले असेल तर ते २०२० च्या कायदा क्रमांक १९ पूर्वीचे. देश सोडण्यासाठी प्रत्येकाला परवाना लागतो असे म्हटले असेल तर त्याहून जुने.

महागडे ग्रंथ विकत घेण्याआधी कतार राष्ट्रीय ग्रंथालय पाहावे. अल अझीझिया हे मेट्रोच्या गोल्ड लाइनचे पश्चिम टोक. तेथून मुशैरिबला येऊन ग्रीन लाइन धरली की ग्रंथालयाच्या नावाच्याच स्थानकावर उतरता येते. रहिवाशांना सदस्यत्व विनामूल्य आहे आणि सदस्याला अनेक विद्युतीय माहितीसंग्रह वापरता येतात. व्यक्तिगत वर्गणी परवडणार नाही अशी विधी नियतकालिके पाहायची असतील तर त्या संग्रहांची यादी आधी चाळावी. कतार विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे ‘इंटरनॅशनल रिव्ह्यू ऑफ लॉ’ हे अरबी व इंग्रजी लेखांचे नियतकालिक खुले आहे. स्थानिक कायद्यावरचे गंभीर इंग्रजी लेखन हवे असेल तर तेथून सुरुवात करावी.

इतिहासात रस असणाऱ्यांसाठी याच ग्रंथालयाने ब्रिटिश लायब्ररीबरोबर उभारलेली ‘कतार डिजिटल लायब्ररी’ आहे. आखातावरील ब्रिटिश कारभाराची कागदपत्रे तेथे वाचता येतात. १९१३ च्या बहरीनविषयक राजाज्ञेत बहरीन हा जणू मुंबई इलाख्यातील एक जिल्हा आहे असे मानून तेथील ब्रिटिश अधिकारक्षेत्राला हिंदुस्थानचे कायदे लावले होते. आजच्या खटल्यात याचा काडीचाही उपयोग नाही. पण आखात आणि मुंबई यांचे विधिसंबंध नोकरीच्या व्हिसापासून सुरू झालेले नाहीत, एवढे त्यातून कळते.

मायदेशाचा कायदा, दुरून

भारतीय कायद्याच्या बाबतीत अडचण टंचाईची नाही, जुन्या आवृत्त्यांची आहे. सुट्टीत गावी गेल्यावर वडिलांच्या कपाटातून आणलेले ‘मुल्ला’ किंवा ‘रतनलाल’ विश्वासाने उघडले जाते. दिनशा मुल्लांचा हिंदू कायद्यावरील ग्रंथ आणि रतनलाल-धीरजलाल यांची फौजदारी भाष्ये ही मुंबईची देणगी आहे, आणि तत्त्व समजण्यासाठी त्यांच्या जुन्या आवृत्त्याही उत्तम. हक्क ठरवण्यासाठी मात्र नव्हेत. वडिलोपार्जित मिळकतीतील मुलीचा वाटा हे याचे ठळक उदाहरण. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असले तरच मुलीला सहदायाद म्हणून हक्क, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात म्हटले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निर्णयाने ते मत फिरवले: हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. या दोन निकालांच्या दरम्यान छापलेले कोणतेही पुस्तक, कितीही नामवंत लेखकाचे असले तरी, दोहात बसून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीला चुकीचा सल्ला देईल. महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, ही बाबही राष्ट्रीय पातळीवरच्या पाठ्यपुस्तकांत अनेकदा तळटीपेत जाते.

फौजदारी कायद्यात तर कपाटच बदलले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. फसवणुकीचे ‘४२०’ आता कलम ३१८ मध्ये आहे, खुनाचे ‘३०२’ कलम १०३ मध्ये. तरी जुनी पुस्तके टाकून देऊ नयेत. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू असल्याने ती अजून बरीच वर्षे लागतील.

चालू मजकुरासाठी केंद्र सरकारचे ‘इंडिया कोड’ आणि निर्णयांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे विनामूल्य ‘ई-एससीआर’ ही दोन संकेतस्थळे पायाभूत आहेत. ‘इंडियन कानून’ शोधासाठी अतिशय सोयीचे आहे. तेथे सापडलेला निर्णय पुढे फिरवला गेला आहे का, हे मात्र वाचणाऱ्यानेच तपासायचे असते. स्वतःच्या खटल्याची तारीख पाहण्यासाठी ‘ई-कोर्ट्स’ पुरेसे आहे, त्यासाठी दर आठवड्याला वकिलाला फोन करण्याची गरज नाही. बांधकाम व्यावसायिकाशी व्यवहार असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद व ताबा देण्याची जाहीर तारीख पाहता येते.

परदेशस्थांना सर्वाधिक लागणारा दस्त म्हणजे मुखत्यारपत्र, आणि त्याबाबत ऐकीव सल्ला सर्वाधिक फिरतो. यासाठी दोनच मूळ तरतुदी वाचल्या तरी पुरे. नोंदणी कायदा, १९०८ चे कलम ३३ परदेशी राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र कोणासमोर निष्पादित व्हावे हे सांगते. त्यात भारतीय वाणिज्य दूताचा समावेश आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचे कलम १८ सांगते की परदेशात झालेला दस्त राज्यात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. दूतावासाचा शिक्का बसला म्हणजे काम झाले, असे समजून कागद सहा महिने ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यांना ऐन विक्रीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हे कलम कळते. हा अधिनियम जुन्या पुस्तकांत ‘मुंबई मुद्रांक अधिनियम, १९५८’ या नावाने सापडेल. कायदा तोच, नाव बदललेले.

मराठीतून वाचणाऱ्यांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ मोलाचा आहे. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र यांची भाषा घरच्यांना कळते आणि वकिलाची इंग्रजी नोटीस कळत नाही. त्या दोहोंमधला पूल हा कोश बांधतो. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निर्णयांची मराठी भाषांतरेही उपलब्ध आहेत. आशय समजण्यासाठी ती जरूर वाचावीत. युक्तिवादासाठी इंग्रजी पाठच धरावा लागतो. कतारमध्ये अरबीचे जे स्थान, ते भारताच्या वरिष्ठ न्यायालयांत इंग्रजीचे.

पदवी हवी की ज्ञान?

दोहात नोकरी सांभाळून कायद्याची पदवी घ्यावी, असा विचार करणाऱ्यांनी आधी उद्देश ठरवावा. भारतात सनद हवी असेल तर दूरस्थ किंवा पत्रद्वारा घेतलेली एलएलबी बार कौन्सिल ऑफ इंडियाला चालत नाही. नियमित वर्गात बसूनच पदवी घ्यावी लागते. ‘घरबसल्या वकील व्हा’ अशी जाहिरात दिसली तर शुल्क भरण्यापूर्वी बार कौन्सिलच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहावी. कतारमध्ये हमद बिन खलिफा विद्यापीठात पदवीधरांसाठी इंग्रजी माध्यमाचा ज्युरिस डॉक्टर अभ्यासक्रम आहे. तथापि स्थानिक न्यायालयांत वकिली करण्याचा अधिकार २००६ च्या कायदा क्रमांक २३ नुसार मुख्यतः कतारी नागरिकांसाठी आहे. परदेशी विधिज्ञाला येथे कंपनीचा विधी सल्लागार म्हणून वा विधी कार्यालयात काम करण्याची वाट मोकळी असते. करार, पालन आणि लवाद यांचे ज्ञान तेवढेच हवे असेल, तर बंगळूरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासारख्या संस्थांच्या दूरस्थ पदविका पुरेशा आहेत. त्यांतून सनद मिळत नाही, पण कंपनीतील कराराचा मसुदा वाचताना येणारी भीती जाते.

सनद घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षेत भाष्य-टिपणे नसलेले मूळ कायद्याचे पुस्तक, म्हणजे बेअर ॲक्ट, तेवढेच नेता येते. अभ्यासासाठीही हा नियम वाईट नाही. मार्गदर्शक पुस्तकातील सारांश वाचून कलम पाठ करण्यापेक्षा कलम वाचून त्याचा सारांश स्वतः लिहिणारा विद्यार्थी पुढे टिकतो, कारण कलमातील ‘परंतु’ आणि ‘स्पष्टीकरण’ हे शब्द सारांशात सहसा गळतात.

संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेला कायद्याचा प्रश्न विचारण्याची सवय आता सार्वत्रिक आहे. कठीण वाक्य सोपे करून घेणे, अरबी परिच्छेदाचा ढोबळ आशय समजणे, वकिलाला विचारायच्या प्रश्नांची यादी करणे, यासाठी ती उपयोगी पडते. खटल्यांचे दाखले मात्र तिच्याकडून घेऊ नयेत. माता विरुद्ध एव्हियांका या खटल्यात न्यूयॉर्कच्या वकिलांनी तिने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निर्णय न्यायालयात सादर केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. कतारच्या बाबतीत धोका अधिक, कारण इंग्रजीत फिरणारा मजकूर मुळातच थोडा आणि बराचसा जुना. यंत्राने एक महिन्याची नोटीस सांगितली तर ती कलम ४९ च्या कोणत्या रूपावरून, हे अल मीझानवर जाऊनच पाहावे लागेल.

वाचन कुठे थांबवावे, हेही माहीत हवे. वेतन थकले, काढून टाकले किंवा सेवासमाप्तीची रक्कम नाकारली, तर श्रम कायद्याच्या कक्षेतील कर्मचाऱ्याने आधी श्रम मंत्रालयाकडे तक्रार द्यायची. समेट न झाल्यास प्रकरण २०१७ च्या कायदा क्रमांक १३ ने स्थापन केलेल्या, न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील कामगार वाद निवारण समितीपुढे जाते. तक्रारीबरोबर नेण्यासाठी कराराची अरबी प्रत, बँकेत जमा झालेल्या वेतनाचे उतारे आणि मालकाशी झालेला लेखी पत्रव्यवहार हवा. ही कागदपत्रे कंपनीच्या ईमेल खात्यावर ठेवली असतील तर राजीनामा देण्यापूर्वीच, कंपनीच्या गोपनीयतेचे नियम न मोडता, आपल्या कराराची व वेतनपत्रकांची प्रत स्वतःकडे घेऊन ठेवावी. शेवटच्या दिवशी ते खाते बंद होते.